चंद्राआड ग्रह लपतो तेव्हा : व्हायरल फोटोतला खरा कोणता, जोडलेला कोणता?

२४ मार्च २०२३ ची संध्याकाळ आठवतेय? गुढीपाडवा होऊन दोनच दिवस झाले होते, त्याच दिवशी रमजानचा महिनाही सुरू झाला होता आणि पश्चिमेला चंद्रकोरीखाली एक ठसठशीत चांदणी दिसत होती. पुढचे काही तास प्रत्येकाच्या स्टेटसवर तोच फोटो होता. कुणी त्याला शुभसंकेत म्हटलं, कुणी चमत्कार.

ती चांदणी म्हणजे शुक्र ग्रह. सूर्य मावळायच्या आधी तो काही काळ चंद्राच्या मागे लपला होता आणि अंधार पडला तेव्हा नुकताच बाहेर आला होता. अशी संधी साधून हौशी मंडळी जे फोटो काढतात, ते बघण्यासारखे असतात. पण त्यांच्याबरोबर बनावट फोटोही तितक्याच वेगाने फिरतात. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

पिधान म्हणजे काय?

एखाद्या ग्रहाला किंवा ताऱ्याला चंद्राने झाकलं की त्याला पिधान म्हणतात. चंद्र पृथ्वीभोवती ताशी सुमारे ३,७०० किलोमीटर वेगाने फिरतो आणि त्याचा व्यास आहे ३,४७४ किलोमीटर. म्हणजे साधारण तासाभरात तो आकाशात स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकतो. वाटेत ग्रह आला की तो झाकला जातो. ग्रह अगदी चंद्राच्या मधोमध मागून गेला, तर हा खेळ तासभर चालतो.

मग हे दर महिन्याला का घडत नाही? कारण चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा तो ग्रहाच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो.

शिवाय पिधान झालं तरी ते सगळ्या जगाला दिसत नाही. डोळ्यांसमोर बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसेल. चंद्राचंही तसंच. तो ग्रहांच्या मानाने खूप जवळ आहे, त्यामुळे एका शहरातून ग्रह पूर्ण झाकलेला दिसतो, तर दुसऱ्या शहरातून तो चंद्राला नुसता चाटून जातो. म्हणूनच प्रत्येक गावाची वेळ वेगळी असते.

फोटो काढणं अवघड का?

पहिली अडचण वेळेची. तारा चंद्राच्या कडेला टेकताच बटण बंद केल्यासारखा नाहीसा होतो. ग्रह मात्र हळूहळू बुडतो. गुरूला पूर्ण दिसेनासं व्हायला साधारण मिनिटभर किंवा थोडं जास्त लागतं. शनीची आधी कडी, मग गोल, मग उरलेली कडी असा क्रम असतो.

दुसरी अडचण उजेडाची. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊपट लांब आहे. तिथे पोहोचणारा सूर्यप्रकाश आपल्या नव्वदाव्या भागाइतका असतो. त्यामुळे चंद्राला बेतून एक्स्पोजर ठेवलं तर शनी अंधुक येतो आणि शनीसाठी वाढवलं तर चंद्र पांढराफटक होतो. शुक्राच्या बाबतीत उलटं. त्याचे ढग इतके चकाकतात की चंद्रच फिका पडतो.

यावर अनुभवी लोक दुर्बिणीला कॅमेरा लावून व्हिडिओ घेतात. हवेच्या थरथरीमुळे बऱ्याच फ्रेम वाया जातात. त्यातल्या स्वच्छ फ्रेम सॉफ्टवेअरने निवडून एकावर एक रचल्या जातात. कधी चंद्राचं एक आणि ग्रहाचं एक अशी दोन एक्स्पोजर जोडली जातात. यात लबाडी नाही, फक्त तसं सांगितलेलं असावं.

बनावट फोटो कसा ओळखायचा?

आकार बघा. शनी कड्यांसकट धरला तरी चंद्राच्या रुंदीच्या साधारण चाळिसाव्या भागाइतका दिसतो. अख्खा चंद्र आणि शेजारी लिंबाएवढा शनी असेल, तर फोटो बनवलेला आहे. चंद्राच्या कडेचा छोटा तुकडाच दिसत असेल, तर मोठा शनी खरा असू शकतो.

कोरीच्या पोटात चांदणी नको. कोरीच्या दोन टोकांमध्ये रिकामी जागा नसते, तिथे चंद्राचाच अंधारातला भाग असतो. त्यातून ग्रह दिसणं शक्य नाही.

तिथी बघा. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे तो कायम कोरीजवळच सापडतो. पौर्णिमेच्या चंद्राशेजारी शुक्र असं कुणी पाठवलं तर सरळ डिलीट करा. मंगळाचं मात्र जमतं. ८ डिसेंबर २०२२ ला पौर्णिमेच्या चंद्रानेच मंगळ झाकला होता. अमेरिका आणि युरोपातल्या हौशी छायाचित्रकारांनी तो टिपला.

हवामान बघा. २५ जुलै २०२४ ला मध्यरात्रीनंतर भारतातून शनीचं पिधान होतं. महाराष्ट्रात मात्र मुसळधार पाऊस होता. पुण्यात तर त्याच पहाटे नदीचं पाणी घरांत शिरत होतं. अशा रात्रीचा ‘आत्ताच गच्चीवरून काढला’ असा स्वच्छ फोटो आला, तर शंका घ्यायलाच हवी.

तुम्हाला टिपायचं असेल तर

फोन ट्रायपॉडवर ठेवा, चंद्रावर टॅप करून उजेड कमी करा आणि टायमर लावा. काही फोन चंद्र ओळखून स्वतःच त्यावर तपशील भरतात, ती सोय बंद ठेवा. स्टेलेरियमसारख्या ॲपवर आपल्या गावाची वेळ आधी बघून ठेवा. शुक्ल पक्षात ग्रह चंद्राच्या अंधाऱ्या कडेमागे लपतो आणि उजळ कडेकडून बाहेर येतो. कृष्ण पक्षात हे उलटं होतं. पिधान दिवसा असेल, तर दुर्बीण चुकूनही सूर्याकडे वळवू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

हा खेळ फक्त हौसेचा नाही. चंद्राची कड एखाद्या स्रोताला नेमकी कधी झाकते हे मोजलं, तर त्याची जागा आणि आकार कळतो. याच कामासाठी गोविंद स्वरूप यांनी ऊटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. पुढे नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही त्यांच्याच पुढाकाराने झाली.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर चंद्र-चांदणीचा फोटो आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एकदा गच्चीवर जा. जे आकाशात आहे तेच फोटोत आहे का, हे तिथे लगेच कळेल.