ठराव झाला, काम झाले का? निविदेचे कागद वाचायला शिकूया

महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका बौद्धवाडीत समाजमंदिराचे छप्पर दुरुस्त झाले. नवे पत्रे बसले, नारळ फुटला, फोटो निघाला. पुढच्याच पावसाळ्यात छप्पर गळू लागले. वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसलेल्या आयाबहिणी भिंतीकडे सरकून बसल्या. वस्तीने विचारणा केली तर उत्तर आले, ‘निधी संपला, पुढच्या वर्षी बघू.’ शेवटी घराघरातून वर्गणी काढली आणि वस्तीनेच डागडुजी केली.

बऱ्याच काळाने त्या कामाचा करारनामा हाती आला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, काम पूर्ण झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत दोष निघाला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. वस्ती वर्गणी काढत होती तेव्हा ती मुदत चालू होती. आम्हाला कागद मिळाला तेव्हा ती संपून गेली होती.

वस्तीचे नाव आम्ही सांगत नाही, कारण प्रश्न एका वस्तीचा नाही. आपण निधी मंजूर करून घेतो, ठराव करून घेतो, नेत्याचा सत्कार करतो आणि तिथेच थांबतो. ठराव हा कामाचा पहिला कागद असतो, आपला हक्क पुढच्या कागदांत असतो. ते कागद कोणते आणि कसे वाचायचे, हे या लेखात समजून घेऊ.

महाडने हे आधीच शिकवले आहे

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कुणाला मिळाले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांना पाजायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा, आणि पाणी मात्र पैसे मोजून! २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन त्या ठरावाची अंमलबजावणी केली.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला. त्याच महिन्यातल्या परिषदेसाठी महाडच्या दुकानदारांनी माल द्यायला नकार दिला, तेव्हा कार्यकर्त्यांना सामान बाहेरून आणावे लागले. पुढे जवळपास दहा वर्षे कोर्टात भांडावे लागले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. तळे कुणाच्या मालकीचे, कागदोपत्री नोंद काय, तथाकथित वहिवाटीला पुरावा काय, या प्रश्नांवर ती लढाई झाली. रस्त्यावरचा सत्याग्रह आणि कोर्टातला कागद या दोन्ही आघाड्या बाबासाहेबांनी सांभाळल्या. पहिली आपण जपली, दुसरीकडे आपले दुर्लक्ष झाले.

काम कुणाचे, ते आधी ओळखा

महाड शहरात नगरपरिषद आहे, पोलादपूर शहरात नगरपंचायत आहे. बिरवाडीसारख्या गावांत आणि डोंगरातल्या वाड्यांत ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. तक्रार चुकीच्या दारात गेली की सहा महिने वाया जातात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारता येते.

घरदुरुस्तीबाबत एक फरक लक्षात ठेवावा. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला घरासाठी अनुदान मिळते आणि ते हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या खात्यात येते. इथे पालिका निविदा काढत नाही. त्यामुळे ‘अमक्याच ठेकेदाराकडून बांधा, नाहीतर हप्ता अडकेल’ असे कुणी म्हणत असेल तर ते लेखी मागा. समाजमंदिर, वस्तीतली गटारे, पायवाटा, संरक्षक भिंती, पालिकेच्या मालकीची सफाई कामगारांची घरे यांची कामे मात्र निविदेने होतात. दरडीच्या छायेतल्या वाडीची संरक्षक भिंत कशी बांधली गेली, हा इथे जिवाचा प्रश्न आहे. २२ जुलै २०२१ ला तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे काय झाले, ते आपण विसरलेलो नाही.

एका कामाचे सहा कागद

पहिला, अंदाजपत्रक. अभियंता शासकीय दरसूचीनुसार ते तयार करतो. कोणत्या जाडीचा पत्रा, किती चौरस मीटर, काय दर, हे सगळे त्यात असते. ‘छप्पर दुरुस्ती’ या दोन शब्दांवर भांडू नका, अंदाजपत्रकातल्या बाबींवर बोट ठेवा.

दुसरा, मान्यता. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायला आणि पैसे खर्चायला परवानगी. तांत्रिक मान्यता म्हणजे आराखडा व हिशोब बरोबर असल्याचा सक्षम अभियंत्याचा निर्वाळा.

तिसरा, निविदा. ठरावीक रकमेच्या वरची कामे शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर टाकावी लागतात. पात्रतेचा लिफाफा आधी उघडतो, दराचा नंतर. एकाच वस्तीतल्या एकाच गटाराचे तीन तुकडे करून तीन छोटी कामे दाखवली असतील, तर ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी तसे केले का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

चौथा, दरांचा तुलनात्मक तक्ता आणि स्वीकृतीचा ठराव. किती जणांनी दर भरले, त्यात किती अंतर होते, ते इथे दिसते. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर आला की आपण खूश होतो. पण मग पत्रा पातळ होतो, सिमेंट कमी पडते किंवा मजुराची मजुरी कापली जाते. म्हणूनच फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद असते. ती घेतली का, ते पाहा.

पाचवा, करारनामा आणि कार्यादेश. काम कधी सुरू करायचे, कधी संपवायचे, उशिराला दंड किती आणि दोष दायित्वाचा कालावधी किती, हे सगळे यात असते. आमच्या वस्तीचे पैसे या एका कागदावाचून गेले.

सहावा, मोजमाप पुस्तिका आणि देयक. अभियंत्याने जागेवर मोजमाप घेऊन नोंद केल्यावर देयक निघते. पुस्तिकेत शंभर मीटर गटार लिहिले असेल आणि वस्तीत साठ मीटर असेल, तर टेप घेऊन गेलेली दोन मुले ते अर्ध्या तासात सिद्ध करू शकतात.

कचऱ्याचा ठेका: घाम कुणाचा?

कचरा संकलनाच्या कामात आपण दोन्ही बाजूंना असतो. घंटागाडी न येणाऱ्या वस्तीत राहणारेही आपण, आणि घंटागाडीवर उभे राहणारेही बहुतेकदा आपलेच भाऊबंद.

या ठेक्यात सर्वात महत्त्वाचे कलम म्हणजे पैसे कशावर मोजले जाणार. वजनावर मोजले, तर ठेकेदाराला बाजारपेठेतला जड, ओला कचरा हवा असतो. टोकाच्या वाडीतल्या चाळीस घरांसाठी अरुंद रस्त्यावर गाडी नेण्यात त्याला फायदा नसतो, आणि कचरा वेगळा करण्यातही नसतो. गाडीच्या फेरीवर मोजले तर गाडी फिरते, पण प्रत्येक दाराशी थांबतेच असे नाही. घरांवर मोजले तर प्रत्येक घराची नोंद ठेवावी लागते. म्हणून निविदेला जोडलेल्या मार्गांच्या यादीत आपल्या वस्तीचे नाव आहे का, हे निविदा निघण्यापूर्वीच पाहायला हवे. नाव नसेल तर गाडी न येणे हा ठेकेदाराचा दोष ठरत नाही, तो निविदेचाच दोष ठरतो. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची सक्ती २०१६ च्या घनकचरा नियमांनी केली. पण गाडीत वेगळे कप्पेच नसतील तर गृहिणीने केलेले वर्गीकरण गाडीत पडताच वाया जाते. गाडीत कप्पे हवेत, हे निविदेतच लिहिले पाहिजे.

आता मजुरीचे साधे गणित. दर उदाहरणापुरता घेऊ. दहा कामगार, दिवसाला ६०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. महिन्याला १ लाख ५६ हजार आणि वर्षाला १८ लाख ७२ हजार रुपये नुसती मजुरी होते. डिझेल, गाडीची दुरुस्ती, भविष्य निर्वाह निधी, विमा, हातमोजे, बूट हे सगळे वेगळे. अशा कामाची निविदा १७ लाखांना मंजूर झाली तर उरलेले पैसे कुठून येणार? ते कामगाराच्या ताटातून येणार. ‘सर्वात कमी दर’ म्हणून सभागृहात बाके वाजतात, तेव्हा हे गणित कुणीतरी मोठ्याने वाचले पाहिजे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य नियोक्ता म्हणून पालिकेवर जबाबदारी येते, हे कामगार कायद्याचे जुने तत्त्व आहे. ते कामगारांना सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

कायम कामगार आणि ठेक्यावरचा कामगार यांत आणखी एक दरी आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसारचा वारसा हक्क आणि श्रमसाफल्य योजनेतले घर कायम सफाई कामगारासाठी आहे. तोच झाडू ठेक्यावर मारणाऱ्याला यातले काही नाही. झाडू पुढच्या पिढीच्या हाती जाऊ नये, हे तर आपले ध्येय आहेच. पण आज ज्याच्या हातात आहे त्याला पूर्ण दाम आणि सुरक्षा मिळालीच पाहिजे.

ठेकेदाराशिवाय मार्गच नाही, असेही नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम केले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठेक्यावरच्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा लढा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन जिंकला. महाड आणि पोलादपूर लहान आहेत, पण महिला बचत गट किंवा मजूर सहकारी संस्थेला भाग घेता येईल अशा अटी निविदेत घाला, ही मागणी इथेही करता येते.

‘तातडी’ नावाची पळवाट

सावित्री आणि गांधारीच्या काठावर तातडी खरी असते. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडचा चिखल आणि कचरा उपसायला ठाणे, नवी मुंबईसारख्या महापालिकांची सफाई पथके आली होती. अशा वेळी निविदेची मुदत पाहत बसता येत नाही. म्हणूनच १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) नुसार नगराध्यक्ष तातडीच्या कामाचा आदेश देऊ शकतात. मात्र केलेली कारवाई कारणांसह सभेपुढे ठेवावी लागते. पूर ओसरल्यावर पाच महिन्यांनीही ‘तातडी’ चालू असेल, तर सभेपुढे ठेवलेला अहवाल मागा. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठराव झाला असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तो तहकूब करण्याची मागणी करता येते.

मधली काही वर्षे राज्यातल्या अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. सभागृहच नव्हते, त्यामुळे प्रश्न विचारणाराही नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आता प्रभागात निवडून आलेला माणूस आहे. त्याच्याकडे अभिनंदनाच्या फलकांऐवजी सभेची विषयपत्रिका मागा.

आपण काय करायचे

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून एका कामासाठी एक अर्ज करा. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. कामाचे नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, करारनामा, मोजमाप पुस्तिका आणि देयक यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर प्रथम अपील करा. याच कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. वाळू-सिमेंटचा नमुना मागता येतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कामाचे नाव, रक्कम, कार्यादेशाची तारीख आणि दोष दायित्व संपण्याची तारीख, एवढे चार रकाने पुरेत. ही वही विहारात ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर पौर्णिमेच्या कार्यक्रमाला उघडा. गळती दिसली तर मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट स्वतःलाही विचारू. दरवर्षी १९-२० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपण महाडला जातो. पाण्याच्या बाटल्या, पत्रावळ्या मागे टाकून परततो. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कोण उचलते, त्याला किती मजुरी मिळते, हे आपण कधी विचारले आहे का?

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्ताने क्रांतिभूमीत जी कामे निघतील, त्यांच्या निविदा निघतील, ठराव होतील. तेव्हा घोषणा देणारे हजारो असतील. प्रत्येक वस्तीतून करारनामा वाचून आलेले दोघे तरी त्यांत असावेत, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम.