दारातला रांजण

रमजानात सहेरीसाठी अम्मी सगळ्यांच्या आधी उठते. गॅस पेटवण्याआधी गच्चीवर जाते आणि एकदा आभाळ बघून येते. लातूरच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरात ही सवय दादीपासूनची आहे. गच्चीवर शेवया वाळत असतात, पाण्याची टाकी असते, उन्हाळ्यात अर्धं घर तिथंच झोपलेलं असतं. आभाळाचा रंग कळल्याशिवाय अम्मीचा दिवस सुरू होत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. पावसाळ्याची इथली सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, पण ती कागदावर. एखाद्या साली त्यातलं निम्मंही पदरात पडत नाही, एखाद्या साली महिन्याचा पाऊस दोन रात्रींत कोसळतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी झोपवली. मामूंच्या शेतात गारांचा असा थर साचला होता, की लेकरं आधी खेळायला धावली आणि मग मोठ्यांचे चेहरे बघून गप्प झाली.

त्यात रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे तेहतीस वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. थंडीतल्या सहेरीला आम्ही वाकळीतून हात बाहेर काढून खिचडी-खट्टा खाल्लाय आणि जूनमधला चौदा तासांहून लांब रोजाही धरलाय. एका आयुष्यात एकाच घराला हा महिना प्रत्येक हवेत भेटतो.

आमच्या दारात उंबऱ्याच्या उजव्या हाताला एक रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तो दादीनं ठेवला, 1972 च्या दुष्काळानंतर. त्या साली रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरात होता. दादी खडी फोडायच्या कामावर जायची. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन माणसं दिवस काढत होती. एका संध्याकाळी कामावरून परतताना मगरिबची वेळ वाटेतच झाली. कुणा अनोळखी घरच्या बाईनं आपल्या रांजणातलं पाणी दिलं आणि दादीनं त्यावर रोजा सोडला. त्या बाईचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे स्वतःचं घर झालं, तेव्हा दादीनं आधी रांजण आणला, कपाट नंतर. ‘किसी का पानी है मेरे पे,’ ती म्हणायची.

2016 साली या रांजणाची परीक्षा झाली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून पाणी आलं, ते बघायला लोक स्टेशनवर जमले. जूनमध्ये रमजान लागला, तेव्हाही रेल्वेचं पाणी सुरूच होतं.

आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. घरटी एक टिपाड, म्हणजे दोनशे लिटर. घरात आम्ही सहाजण: अम्मी, अब्बा, मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि दोन वर्षांची मुलगी. हिशेब केला तर माणशी दिवसाला चार लिटर. पिण्यासाठी जार विकत घ्यायचे, तेही मिळाले तर. अब्बांचं शिवणकामाचं दुकान. दुष्काळात कपडे कोण शिवून घेतो? भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. वजू टोपल्यात बसून, एका लोट्यात. ते पाणी खाली साठवायचं आणि संडासला वापरायचं. पैगंबर साहेब पाऊण लिटरभर पाण्यात वजू करीत, हे आम्ही लहानपणी मदरशात शिकलो होतो. ते करता येतं, हे त्या जूनमध्ये कळलं.

चौथ्या की पाचव्या रोजाला अब्बा म्हणाले, ‘रांजण आत घ्या. घरच्या लेकरालाच पुरेना.’ अम्मी काही बोलली नाही. तिनं रांजण पुसला, आत आणून पालथा घातला.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी भर दुपारी दारात भंगार गोळा करणारी एक बाई उभी राहिली. डोक्यावर पोतं, हाताशी पोरगं. रिकाम्या जागेकडे बघत तिनं विचारलं, ‘रांजण फुटला का हो?’

अम्मीनं तिला आणि पोराला तांब्याभर पाणी दिलं. बाई पिऊन निघून गेली. अम्मी मात्र तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. ती बाई कितीतरी दिवसांपासून आमच्या दारात पाणी पीत होती आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून तर रांजण आत घेणं सोपं गेलं होतं. ‘झूट बोलना पडता था क्या मेरे को, फूट गया बोलके?’ असं ती संध्याकाळी अब्बांना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. अब्बांनी खजूर हातात धरली होती, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी रांजण पुन्हा दारात आला. भरलेला नव्हता, तळाला एक कळशी पाणी. अम्मीनं ते आपल्या वाटणीतून घातलं. तिसऱ्या दिवसापासून दुकानातून येताना अब्बा एक बाटली घेऊन यायचे आणि कुणाशी न बोलता रांजणात ओतायचे. आणखी एक गोष्ट अशी, की दिवसभर लोक पिऊनही पाणी जितकं उतरायला हवं तितकं उतरत नव्हतं. आठवड्यानं कळलं, समोरच्या काकू रोज सकाळी देवपूजा झाली की आपल्या घरचा एक तांब्या त्यात टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘माझ्या दारात जागा नाही रांजणाला. तुमच्यात घातलं तर काय झालं?’

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता इतका पाऊस झाला, की मांजरा धरण भरलं. आमचं आभाळ असं आहे. 2023 च्या रमजानात एप्रिलमध्ये अवकाळी आला, तेव्हा ईदसाठी खाटेवर वाळत घातलेल्या शेवया भिजून गोळा झाल्या. अम्मीनं पुन्हा पीठ मळलं. आणि गेल्या सप्टेंबरात, 2025 मध्ये, अतिवृष्टीनं मांजराकाठच्या मामूंचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. मामू, मामी, पोरं आठ दिवस आमच्याकडे होती. चिखलानं माखलेली मामी आली आणि घरात शिरण्याआधी रांजणाशी थांबली. गावात जिकडे तिकडे पाणी होतं, पण विहीर गढूळ झाली होती. दोन दिवसांत धड पाणी प्यायला मिळालं नव्हतं, असं ती म्हणाली.

सब्र म्हणजे गप्प बसून सोसणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आभाळ हातात नसताना जे हातात आहे ते रोज न चुकता करणं, यालाही सब्रच म्हणावं.

यंदा रमजान फेब्रुवारीत लागला. तेव्हाची दोन वर्षांची माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे, पहिल्यांदाच सगळे रोजे धरते आहे. अम्मीचे गुडघे दुखतात, म्हणून सहेरीआधी तीच गच्चीवर जाते आणि खाली येऊन सांगते, ‘दादी, आभाळ साफ आहे,’ किंवा ‘ढग आलेत.’ मग रांजण विसळून भरते. रमजान पुन्हा पूर्ण जूनमध्ये येईल, तो 2049 च्या सुमारास. तेव्हा आभाळ कसं असेल, धरणात पाणी असेल की नसेल, कुणी सांगावं. रांजण कुठं ठेवायचा, हे तिला माहीत आहे.