प्रतिकृतीतली खरी वाफ

वाफेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनाची चालती प्रतिकृती घडवणाऱ्या कारागिराला चाके, दट्टे आणि धुराडे ठरावीक प्रमाणात लहान करता येतात. पाणी आणि वाफ यांचे गुणधर्म मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत, आणि बॉयलरवरील झडपांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नेमका येथूनच सुरू होतो. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाने ब्रिटनमध्ये ज्या छंदाला बळ दिले, त्यातील बागेच्या रुळांवर धावणाऱ्या लहान इंजिनांत वाफेचा दाब दर चौरस इंचाला साधारण ४० पौंड असतो, तर माणसे ओढून नेणाऱ्या मोठ्या प्रतिकृतींत तो ८० ते १०० पौंडांपर्यंत जातो. घरातल्या प्रेशर कुकरमधील पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ४० पौंड दाबाखालचे पाणी मात्र सुमारे १४१ अंशांवर असते, हे लक्षात घेतले की या यंत्राला खेळणे म्हणणे जड जाते.

सुरक्षा झडप, म्हणजेच सेफ्टी व्हॉल्व्ह, ही कल्पना कुकरच्याच घराण्यातली आहे, कारण सतराव्या शतकात देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या अन्न शिजवण्याच्या बंद भांड्यावर वजन टांगलेली अशी झडप बसवली होती. पुढे इंजिनाची ताकद वाढावी म्हणून चालक ही झडप आवळून ठेवू लागले आणि बॉयलर फुटू लागले, तेव्हा जॉन रॅम्सबॉटम या ब्रिटिश रेल्वे अभियंत्याने १८५५ साली एकाच दांड्याखाली दोन झडपा आणि त्यांच्या मधोमध एक स्प्रिंग अशी रचना काढली, जिच्यात एका टोकाला दांडा दाबला की दुसऱ्या टोकाची झडप आपोआप सैल होत असे. माणसाच्या मोहावर यंत्ररचनेनेच घातलेला इतका साधा लगाम क्वचितच सापडतो.

प्रतिकृतीत अडचण वेगळी येते. मूळ इंजिनाशी प्रमाण राखून झडप केली तर तिचे छिद्र दोन-तीन मिलिमीटरचे उरते, पण पाण्यातला क्षाराचा कण काही प्रमाणात लहान होत नाही, आणि तो बैठकीत अडकला की झडप गळते किंवा चिकटून बसते. शिवाय छिद्राच्या पूर्ण क्षेत्रफळाइतकी वाट मिळण्यासाठी झडपेची चकती छिद्राच्या व्यासाच्या एक चतुर्थांश इतकी उचलली जावी लागते. साधी स्प्रिंग मात्र जितकी दबते तितका अधिक विरोध करते, त्यामुळे झडप उघडल्यासारखी दिसते, वाफ फुसफुसते आणि आतला दाब तरीही चढत राहतो. यावर उपाय म्हणून चकतीभोवती एक ओठ ठेवतात, जेणेकरून निसटणारी वाफ त्या वाढीव पृष्ठभागावर दाब देऊन झडप एकदम उघडते. अशा झडपेला ‘पॉप’ झडप म्हणतात. बाहेरून झडप मूळ इंजिनासारखी नाजूक दिसावी आणि आतले छिद्र गरजेइतके मोठे असावे, ही तडजोड सौंदर्याचा फारसा बळी न देता साधते.

अनेक छोट्या इंजिनांत पाणी भरण्याची वाट आणि सुरक्षा झडपेची जागा एकच असते, म्हणून फेरी संपल्यावर झडप आट्यांतून फिरवून काढावी लागते, आणि भाजण्याचे प्रसंग येथेच ओढवतात. दाब शिल्लक असताना झडप निघाली तर १४१ अंशांवरच्या पाण्याचा सुमारे बारावा भाग क्षणात वाफ होऊन उरलेले उकळते पाणी हातावर उडवतो. आट्यांच्या खालच्या भागात आडवे छिद्र पाडले, तर काही आटे पकडीत असतानाच वाफ त्यातून बाहेर पडून माणसाला इशारा देते. ही सोय करायला ड्रिलचे एक बारीक पाते पुरते.

धातूची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. पितळ घडवायला सोपे असले, तरी गरम पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो. म्हणून झडप ज्यात बसते ते आटेदार कडे, म्हणजे बुश, कांस्याचे किंवा गनमेटलचे करून चांदीयुक्त डाकाने बॉयलरला जोडतात. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फार बारीक असल्यास पाणी काचेला चिकटून खोटी पातळी दाखवते, आणि पाणी असल्याच्या भ्रमात बॉयलर कोरडा तापतो. म्हणून नळीखाली निचऱ्याची तोटी ठेवून ती अधूनमधून उघडणे आवश्यक ठरते.

ब्रिटनमधील छांदिष्टांच्या चाचणी नियमावलीनुसार नवा बॉयलर प्रथम नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबाने, तोही थंड पाण्याने, तपासला जातो, कारण पाणी जवळपास दबत नसल्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही आणि जोड फुटला तरी फक्त पाणी सांडते. त्यानंतर भट्टी पूर्ण पेटवून, हवेचा झोत चालू ठेवून झडपेची परीक्षा होते, आणि दाब ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर गेला तर झडप नापास ठरते. अशा वेळी स्प्रिंगशी खेळत बसण्यात अर्थ नसतो; झडप तरी मोठी करावी लागते किंवा शेजारी दुसरी बसवावी लागते.