छाया घ्यावी, साल घेऊ नये

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा. मृगाच्या पहिल्या सरींनी माती भिजली न भिजली तोच गावोगावच्या वडांभोवती सुवासिनींची दाटी होते. हळदकुंकू, गंधफूल, आंब्याचे वाण आणि बुंध्याला वेढत जाणारे पांढरे सूत, हे दृश्य महाराष्ट्राला नवे नाही. तथापि या व्रतातील एक विशेष अतिपरिचयामुळे आपल्या ध्यानातून निसटतो. इतर पूजांत आपण झाडाचे काही ना काही खुडून देवाला वाहतो. बेलाचे पान, तुळशीची मंजिरी, दूर्वांची जुडी ही त्याची उदाहरणे. वटपूजेत मात्र झाड हेच दैवत असते. त्याला द्यायचे असते, त्याचे काही न्यायचे नसते. हात जोडावेत, प्रदक्षिणा घालावी आणि क्षणभर सावलीत विसावून घरी परतावे. त्याच्यापासून घ्यायची ती केवळ छाया.

ज्यांच्या घराजवळ वड नाही, त्यांच्यासाठीही परंपरेने सोय करून ठेवली आहे. पाटावर किंवा भिंतीवर गंधाने वड रेखावा आणि त्याचीच मनोभावे पूजा करावी. भाव असेल तर रेखाटलेल्या वडाच्या ठायीही वटच नांदतो, अशी त्यामागील श्रद्धा आहे. हाच धागा धरून आम्ही आज वाचकांना एका दूरदेशीच्या वृक्षचित्राची कथा सांगणार आहोत. ते चित्र गंधाने नव्हे, काचेवर प्रकाशाने रेखलेले होते. आणि त्या चित्राने प्रत्यक्ष झाडे राखण्यास हातभार लावला.

सोललेली माता

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा नावाचा पर्वत आहे. त्याच्या पश्चिम उतारावर सेक्वोया जातीचे महावृक्ष वाढतात. त्यांतील कित्येकांचे वय दोन-तीन हजार वर्षांचे आहे. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशास ओवी सांगितली, त्या काळीही ही झाडे वृद्धच होती. तेथील मूळ रहिवासी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखून होते. १८४८ मध्ये त्या प्रांतात सोने सापडले, बाहेरच्या माणसांचे लोंढे आले, आणि १८५२ साली कॅलाव्हेरास येथील वृक्षांची वार्ता जगभर पसरली.

वार्ता पसरल्यावर पुढच्याच वर्षी काय घडले ते पाहावे. १८५३ साली पाच माणसांनी २२ दिवस खपून तेथील एक महावृक्ष आडवा केला. उरलेल्या खोडाच्या सपाटीवर लोकांनी नाच केले. १८५४ साली दुसऱ्या एका झाडाची पाळी आली. त्या झाडाला लोकांनी नाव दिले होते ‘अरण्याची माता’. नाव मातेचे दिले आणि तिचीच साल जमिनीपासून ११६ फुटांपर्यंत सोलून काढली! हेतू एवढाच की, ती साल शहरोशहरी नेऊन पुन्हा बुंध्याच्या आकारात उभी करावी आणि पैसे घेऊन लोकांना दाखवावी. न्यूयॉर्कहून ती लंडनच्या स्फटिकमहालात गेली. एवढे झाड असेल यावर पाहणाऱ्यांपैकी कित्येकांचा विश्वासही बसला नाही. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाला आग लागली आणि ती साल भस्मसात झाली. साल गेलेली माता तर त्यापूर्वीच वाळून गेली होती. तिचे निष्प्राण खोड आजही त्या रानात उभे आहे.

हा वृत्तान्त वाचताना आम्हांस कालिदासाच्या रघुवंशातील दुसरा सर्ग आठवल्यावाचून राहत नाही. हिमालयात एक देवदार होता. शंकराने त्याला पुत्र मानले होते, पार्वतीने त्याला पाणी घालून वाढविले होते. एकदा एका रानहत्तीने कंड शमविण्यासाठी त्याच्या बुंध्याला गंडस्थळ घासले आणि त्याची साल निघाली. तेव्हा रणात कार्तिकेय घायाळ झाला असता जसे दुःख व्हावे, तसे दुःख पार्वतीला झाले, असे कवी सांगतो. आणि त्या झाडाच्या रक्षणासाठी शंकराने एका सिंहाची नेमणूक केली. एका झाडाची खरचटलेली साल म्हणजे लेकराच्या अंगावरचा घाव, ही ती दृष्टी. आणि प्रदर्शनाच्या तिकिटासाठी ‘माते’ची साल उतरविणे, ही दुसरी दृष्टी. पहिली भारताची आणि दुसरी परकीयांची, असा सोपा निवाडा मात्र कोणी करू नये. कारण पुढील कथेतील रक्षक त्याच देशातला आहे.

काचेवरचा उलटा वृक्ष

कार्लटन वॉटकिन्स हे त्याचे नाव. जन्म १८२९, न्यूयॉर्क राज्यातला. सोन्याच्या काळात तो कॅलिफोर्नियात आला आणि सॅन फ्रान्सिस्को येथे छायाचित्रकार म्हणून स्थिरावला. १८६१ च्या उन्हाळ्यात त्याने योसेमिटी नावाच्या दरीकडे आणि तिच्या दक्षिणेस असलेल्या मॅरिपोसा येथील सेक्वोयांच्या वनराईकडे प्रयाण केले. त्यासाठी त्याने मुद्दाम एक प्रचंड कॅमेरा बनवून घेतला होता. त्यात बसणारी काच १८ इंच रुंद आणि २२ इंच लांब, म्हणजे देवघरातील मोठ्या तसबिरीएवढी. लहान काचेवरील छबी मोठी करून छापण्याची सुलभ रीत त्या काळी नव्हती; जेवढी काच तेवढेच चित्र. ज्याला मोठे झाड मोठ्या चित्रात दाखवायचे, त्याला मोठी काच डोंगरात वाहून नेणे प्राप्तच होते. कॅमेरा, काचा, रसायने आणि अंधाराचा तंबू असा सारा पसारा खेचरांच्या पाठीवर लादून तो चढला.

काम कसे चाले हेही जाणण्याजोगे आहे. तंबूच्या अंधारात स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव एकसारखा पसरायचा. मग चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती काच बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे, आणि सुकण्यापूर्वीच पुन्हा तंबूत नेऊन रसायनाने छबी उमटवायची. काच सुकली की श्रम वाया. भिंगाचे झाकण काढल्यावर काही सेकंद, प्रसंगी त्याहून पुष्कळ अधिक वेळ, सारे स्थिर राहावे लागे. वारा सुटला तर पाने धूसर होत. म्हणून वारा पडण्याची वाट पाहत झाडापुढे तिष्ठत उभे राहावे लागे. याला तप म्हणावयाचे नाही, तर कशाला?

आणखी एक मौज आहे. अशा मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक घासलेली काच असते. छायाचित्रकार काळ्या कापडात डोके घालून तीवर दृश्य पाहतो. भिंगाच्या धर्मामुळे ते दृश्य तेथे उलटे दिसते. झाडाची मुळे वर आणि फांद्या खाली! गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ याहून निराळा कोठे आहे? यंत्राच्या करामतीत अध्यात्म शोधावे हा आम्हा कीर्तनकारांचा जुनाच छंद, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण गीतेने तेथे जो वृक्ष छेदावयास सांगितला, तो संसाराचा, आणि शस्त्र सांगितले ते असंगाचे. अंगणातल्या वडावर कुऱ्हाड चालविण्यास त्या अध्यायात आधार नाही, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

छायेने केलेले काम

मॅरिपोसाच्या वनराईत ‘ग्रिझली जायंट’ नावाचा एक सेक्वोया आहे. वय सुमारे ३,००० वर्षे, उंची २०० फुटांहून अधिक. वॉटकिन्सने त्याचे चित्र घेतले आणि मुळाशी माणसे उभी केली. बुंध्याजवळ ती माणसे देवळाच्या दीपमाळेपाशी खेळणाऱ्या पोरांसारखी दिसतात. वल्कलाची प्रत्येक चीर, प्रत्येक गाठ त्या मोठ्या काचेने टिपली. जी साल सोलून नेऊनही लोकांना खरी वाटली नव्हती, तिचे चित्र मात्र लोकांना पटले.

१८६२ साली ही चित्रे न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा. तशा रणधुमाळीतही १८६४ साली कॅलिफोर्नियाचे सेनेटर जॉन कॉनेस यांनी एक विधेयक मांडले. योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाची वनराई ही दोन्ही सर्व जनतेसाठी राखून ठेवावीत, ती कोणाला विकता येऊ नयेत, असा त्याचा आशय होता. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. लिंकन यांनी ती झाडे प्रत्यक्ष कधीच पाहिली नव्हती. विधेयकामागे इतरही कारणे होती. पण वॉटकिन्सच्या चित्रांनी राजधानीतील मने वळविली, असे इतिहासकार मानतात. डोळ्यांनी न पाहिलेल्या झाडासाठी राज्यकर्त्याची लेखणी चालली. प्रतिमेचे सामर्थ्य याहून वेगळे ते काय सांगावे?

ज्याने हे केले त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. कर्जाच्या पेचात त्याच्या अनेक काचा परक्या हाती गेल्या. उतारवयात दृष्टी गेली. १९०६ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, आगी भडकल्या आणि त्याच्याजवळची आयुष्यभराची पुंजी जळाली. १९१६ साली मनोरुग्णांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. ज्या १९०६ साली त्याच्या काचा जळाल्या, त्याच साली मॅरिपोसाची वनराई राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. काचा गेल्या, कागदावर छापलेली चित्रे ग्रंथालयांत नि संग्रहालयांत उरली, आणि झाड उभे राहिले.

ते आजही उभे आहे. पण निर्धास्त नाही. दुष्काळ आणि वाढती उष्णता यांमुळे, तसेच रानातील लहान वणवे वर्षानुवर्षे विझवीत राहिल्याने साचलेल्या सुक्या पालापाचोळ्यामुळे, तेथील वणवे उग्र झाले आहेत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगातील मोठ्या सेक्वोयांपैकी शेकडा १३ ते १९ झाडे नष्ट झाल्याचा अंदाज आहे. जुलै २०२२ मध्ये वणवा खुद्द मॅरिपोसाच्या वनराईत शिरला. तेव्हा ‘ग्रिझली जायंट’च्या बुंध्याभोवती तुषारयंत्रे लावून त्याला अहोरात्र भिजते ठेवण्यात आले, आणि तो वाचला. आपण त्याला अभिषेकच म्हणू.

आपला वड

आपल्या देशातही या कलेचा आणि वृक्षांचा संबंध जुना आहे. सॅम्युअल बॉर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली येथे आला आणि अशाच ओल्या काचा हमालांच्या पाठीवर देऊन त्याने हिमालय पालथा घातला. शिमल्याच्या बर्फातील देवदार त्याने टिपले. कलकत्त्याजवळ हावड्याच्या शिवपूर उद्यानातील महावटाचीही जुनी चित्रे आहेत. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्या वडाला घायाळ केले, बुंध्याला कीड लागली, आणि १९२५ साली त्याचा मूळ बुंधा काढून टाकावा लागला. तरी तो वड मेला नाही. तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो एखाद्या अरण्यासारखा पसरला आहे. पण त्याचा मूळ बुंधा पाहावयाचा असेल, तर तो आता फक्त चित्रातच आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शहरांच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग दिसतात. माणसे गाड्या भरून त्या तोडून आणतात, सुवासिनी चार पैसे देऊन घरी नेतात, कुंडीत खोचून पूजा करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही; श्रद्धाच आहे. पण अखंड आयुष्य मागण्यासाठी तोडलेली फांदी पुजावी, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. ‘माते’ची साल नेणाऱ्यांनाही झाडाचे वैभव दाखवायचेच होते.

वनपर्वातील सावित्रीची कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. सत्यवान कुऱ्हाड घेऊन रानात गेला, लाकूड फोडता फोडता त्याचे मस्तक दुखू लागले, आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून निजला. लाकूड तोडल्यामुळे त्याला मृत्यू आला, असे कथा म्हणत नाही. त्याचे आयुष्य वर्षाचेच उरले होते, हे नारदांनी आधीच सांगितले होते. तरीही एवढे खरे की, कुऱ्हाड खाली ठेवली जाते आणि मगच सावित्रीची यमाशी गाठ पडते. व्रताच्या दिवशी आपणही प्रथम कुऱ्हाड खाली ठेवावी.

फांदीच्या ऐवजी काय, असे माताभगिनी विचारतील. उत्तर घरातच आहे. पाटावर गंधाने वड रेखावा. आजीला विचारले तर ती तो कसा काढायचा हे सांगेल. चार घरे मिळून जवळच्या वडाशी जावे. सुताचा वेढा सैल असावा, आणि जुन्या सुताचे थर काढून टाकावेत. आणि घरातील तरुण मुलांना एक काम सांगावे. ज्या वडाची पूजा होते त्याचे, खिशातील यंत्राने का होईना, सावकाश आणि नीट छायाचित्र घ्यावे. वारा पडू द्यावा, मुळाशी आजीला उभे करावे, बुंध्याचा घेर सुतानेच मोजावा, आणि तारीख घालून ते चित्र दरवर्षी जपावे. महाराष्ट्रात २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नागरी भागांतील ५० वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष म्हणून विशेष स्थान मिळाले आहे. रस्त्यासाठी वा इमारतीसाठी असे झाड उद्या तोडायला निघाले, तर अशा चित्रांची मालिका हा गावाच्या हातचा पुरावा ठरेल.

आपल्या भाषेने या कलेला ‘छायाचित्र’ हे नाव दिले, ते किती सार्थ आहे! झाडाची छाया कितीही जणांनी घेतली तरी झाड उणे होत नाही. साल एकाने घेतली तरी ते उरत नाही. वटाच्या छायेत बसून सौभाग्य मागणाऱ्या प्रत्येक घराने यंदा ही छाया तेवढी घरी न्यावी. ती नेणाऱ्यांचा आणि देणाऱ्या वटाचा, दोघांचाही संसार अखंड राहो, हीच वटसावित्रीच्या चरणी प्रार्थना.