अनुदानाच्या भरवशावर माग घेऊ नका

मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी या गावांची चूल यंत्रमागावर पेटते. या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. जुना साधा माग काढून रॅपियरसारखा शटललेस माग बसवायचा विचार निघाला, की पहिला प्रश्न असतो, "सरकारकडून किती मिळेल?" आमचे म्हणणे असे, की त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: "केव्हा मिळेल?"

हा प्रश्न आम्ही का विचारतो ते केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेवरून समजेल. धंद्यातले लोक तिला 'टफ' म्हणत. ती 1 एप्रिल 1999 रोजी सुरू झाली आणि नावे व नियम बदलत 31 मार्च 2022 पर्यंत चालली. या योजनेमुळे देशात नवी यंत्रे आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अनुदान हातात पडलेच असे धरून ज्यांनी कर्ज काढले, त्यांना तिच्या कारभाराची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागली.

पैशाची वाट

सुरुवातीला योजना सोपी दिसत होती. यंत्रासाठी बँकेकडून कर्ज घ्यावे आणि त्यावरील व्याजापैकी 5 टक्के सरकारने भरून द्यावेत. पुढे छोट्या यंत्रमागधारकांसाठी यंत्राच्या किमतीवर एकरकमी अनुदानाचा पर्यायही आला. परंतु बँकेचा हप्ता कर्जदाराने आधी पूर्ण भरायचा आणि सरकारचा वाटा मागाहून यायचा. बँकेने माहिती पाठवायची, मुंबईच्या वस्त्र आयुक्त कार्यालयाने ती तपासायची आणि मंत्रालयाने निधी सोडायचा. यातली एक कडी अडली की सारे थांबे. बँकेचे व्याज मात्र एक दिवसही थांबत नसे.

दहा महिन्यांचा खंड

योजनेचा मूळ दोष हा, की मंजुऱ्यांना मर्यादा नव्हती आणि अर्थसंकल्पातील रकमेला होती. अर्ज वाढत गेले, देणे साचत गेले. अखेर 29 जून 2010 रोजी नव्या मंजुऱ्या अचानक थांबवण्यात आल्या. 28 एप्रिल 2011 रोजी योजना नव्या रूपात परत आली, पण मधल्या दहा महिन्यांना ती लागू नव्हती. ज्याचे कर्ज याच काळात मंजूर झाले, त्याचा दोष एवढाच, की तारीख चुकली.

दुसरा प्रकार याहून कडू होता. कित्येक प्रकरणांत अर्जदाराचे कागद पुरे होते, पण बँकेने माहिती मुदतीत वर पाठवली नाही. अशी प्रकरणे 'राहून गेलेली' म्हणून वेगळी काढली गेली. चूक बँकेची आणि शिक्षा मागवाल्याला!

वचन तेच, आकडा वेगळा

13 जानेवारी 2016 पासून सुधारित योजना लागू झाली. त्याआधी शटललेस माग घेणाऱ्या यंत्रमागधारकाला 30 टक्के अनुदानाचा पर्याय होता. नव्या नियमात विणकामासाठी तो आकडा 10 टक्क्यांवर आला. या योजनेसाठी 17,822 कोटी रुपये ठरवण्यात आले, त्यातील 12,671 कोटी जुने देणे फेडण्यासाठी होते. म्हणजे शंभरातले सुमारे 71 रुपये मागील वचनांसाठीच लागणार होते. कारभार किती तुंबला होता हे सांगायला दुसरा पुरावा नको.

तपासणीही वाढली. यंत्र सरकारी यादीतील उत्पादकाचेच हवे, संगणकावर नोंदणी क्रमांक हवा आणि माग बसल्यावर संयुक्त पथकाने कारखान्यात येऊन पाहणी करायची. खोट्या दाव्यांना आळा बसावा म्हणून पाहणी आवश्यकच आहे. पण पथक येईपर्यंत अनुदान अडकून राहते. करोनाच्या काळात बँक हमी दिल्यास काही रक्कम आधी देण्याची सोय झाली. परंतु चार-सहा मागांच्या मालकाने बँक हमी आणायची कोठून? सोय झाली, ती मोठ्यांची.

हिशेब मांडून पाहा

समजा, माग 40 लाखांचे आहेत आणि अनुदान 10 टक्के, म्हणजे 4 लाख. ते तीन वर्षे उशिरा मिळाले आणि कर्जाचा दर 11 टक्के आहे. या 4 लाखांवर सरळ व्याजाने 1 लाख 32 हजार रुपये बँकेला गेले. अनुदानाचा तिसरा हिस्सा उशिरानेच खाल्ला. सूत महागले, कापडाला उठाव नसला, मजुरीचे दर पडले, तर हप्ता भरायला घरातले दागिने निघतात.

आपण काय करावे

टफ संपली, पण अनुदानाच्या योजना येतच राहतील. म्हणून आमच्या बांधवांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, अनुदान शून्य धरून हिशेब करा. तरीही माग परवडत असेल तरच घ्या. अनुदान आले तर तो नफा समजा.

दुसरी, योजनेची शेवटची तारीख आणि नियमपत्रक स्वतः वाचा किंवा जाणकाराकडून वाचून घ्या. यंत्र विकणाऱ्या दलालाच्या तोंडी शब्दावर सही करू नका.

तिसरी, बँकेला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. बँकेने माहिती वर पाठवली का आणि कोणत्या तारखेला, हे लेखी विचारा. बिले, रक्कम चुकती केल्याचा पुरावा आणि यंत्राचे क्रमांक एका फाईलमध्ये ठेवा.

चौथी, सरकारी कार्यालयात प्रकरण अडले तर फेऱ्या मारत बसू नका. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने केंद्राच्या कार्यालयाला 10 रुपये शुल्कात विचारता येते आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. "माझी फाईल कोणाकडे व कधीपासून आहे?" एवढाच प्रश्न विचारा. पुष्कळदा फाईल त्यानेच हलते.

एकट्याचा अर्ज हरवू शकतो. पन्नास यंत्रमागधारकांचा संघटनेमार्फत गेलेला अर्ज सहसा हरवत नाही. सरकारने वचन वेळेवर पाळावे ही मागणी आपण जरूर करू. पण ते पाळले जाईपर्यंत घर गहाण पडू नये, याची काळजी आपली आपणच घेतली पाहिजे.