इसार द्यावा, पण पारखून

आमच्या आजोबांच्या काळी बैल घेताना इसार द्यायची रीत होती. बैलाचे दात पाहून झालेले असत, चार माणसे साक्षीला असत, मग पाच-दहा रुपये हातावर ठेवायचे. आज आपण परदेशातल्या दुकानाला वस्तू न पाहता पुरती रक्कम आधी देऊन मोकळे होतो. साक्षीदार कोणी नाही. म्हणून हा व्यवहार जपून कसा करावा, याविषयी दोन शब्द.

ही तऱ्हा तशी अलीकडची. ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत स्टिंग या गायकाची एक सीडी इंटरनेटवरून १२ डॉलर ४८ सेंटला विकली गेली. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक तेव्हा गुप्तलिपीत गेला. वाटेत तो कोणी वाचू नये, ही तेव्हाची चिंता. ती आता बरीच मिटली आहे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ दिसले, की वाट सुरक्षित समजावी. पण वाट सुरक्षित म्हणजे दुकानदार प्रामाणिक, असे नव्हे. ठगालाही ही अक्षरे सहज मिळतात.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती मला हवी होती. एका परदेशी संकेतस्थळावर ती इतरांपेक्षा चौपट स्वस्त दिसली. दुकानाचा टपालाचा पत्ता नव्हता, माल परत घेण्याचे नियम नव्हते. तरी हाव सुटली. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आलाच नाही, पैसे मात्र गेले. किती सोपे, म्हणून मी खूषही झालो! कोश आला नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता आणखी दोन रकमा डॉलरमध्ये वळत्या झाल्याचे संदेश आले. मुलगी म्हणाली, “अब्बा, आधी कार्ड बंद करा. पुस्तकाचं नंतर बघू.”

ओटीपी का आला नाही? देशातल्या ऑनलाइन कार्डव्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली. परदेशी दुकान मात्र ती मागेलच असे नाही. तेथे कार्डावरचे आकडेच पुरतात. यावर उपाय आपल्या हाती आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या नियमांनी परदेशी आणि ऑनलाइन वापर चालू-बंद करण्याची व रकमेची मर्यादा घालण्याची सोय ग्राहकाला मिळाली. बँकेच्या ॲपमध्ये ही कळ असते. खरेदीपुरती उघडावी, मर्यादा किमतीच्या जरा वर ठेवावी, आणि काम झाले की बंद करावी. कार्डाचा तपशील दुकानाकडे साठवून ठेवू नये.

पैसे देण्याचे मार्गही सारखे नसतात. डेबिट कार्डात खात्यातली रक्कम लगेच जाते. क्रेडिट कार्डात बिल भरण्याआधी वाद उभा करता येतो. पेपालसारख्या मध्यस्थामार्फत पैसे दिले, तर दुकानाला कार्डाचा क्रमांक दिसत नाही, आणि माल न आल्यास १८० दिवसांत तक्रार करता येते. पण परक्याच्या बँकखात्यात थेट पैसे पाठवा किंवा गिफ्ट कार्डाचा क्रमांक कळवा, असे कोणी म्हटले तर तेथूनच मागे फिरावे. ते पैसे परत येणे फार अवघड.

आणखी एक. ‘पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, शुल्क भरा’ असा संदेश येतो. परदेशी मालावर सीमाशुल्क खरोखरच लागते, म्हणून माणूस फसतो. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. कुरिअरच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पार्सलचा क्रमांक तपासावा.

आणि घात झालाच तर? दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. आपण न केलेली रक्कम वळती झाली, तर ती चोरी. कार्ड बंद करून बँकेला त्याच दिवशी कळवावे, तक्रार क्रमांक घ्यावा आणि १९३० या क्रमांकावरही नोंद करावी. अशा वेळी आपली किंवा बँकेची चूक नसली आणि संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले. आपण स्वतः पैसे दिले आणि माल आला नाही, तर तो वाद. त्यासाठी बँकेकडे ‘चार्जबॅक’चा अर्ज करावा लागतो. त्याला मुदत असते, म्हणून ‘पार्सल वाटेत आहे’ या गोड उत्तरांवर महिने घालवू नयेत. पावती, पत्रव्यवहार, संकेतस्थळाचे छायाचित्र हे आपले साक्षीदार. ते पहिल्या दिवसापासून जपावेत.

मी त्याच रात्री कळवले होते, म्हणून त्या दोन रकमा परत मिळाल्या. कोशाच्या किमतीसाठी मात्र तीन महिने कागद पाठवावे लागले, कारण पावतीखेरीज मी काहीच जपले नव्हते. कोश अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे; कार्डाची कळ बंद आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)