आत्रियम : तीन ते सहा वर्षांच्या मुलांची ख्रिस्ती धर्मशिक्षा

हिब्रू भाषेच्या अभ्यासक सोफिया कावालेत्ती आणि मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी 1954 मध्ये रोम येथे लहान मुलांच्या धर्मशिक्षणाला जे वळण दिले, ते पुढे ‘उत्तम मेंढपाळाची धर्मशिक्षा’ या नावाने अनेक देशांत पोहोचले. त्याची मुळे मारिया मॉन्टेसरी यांनी बार्सिलोना येथे केलेल्या प्रयोगात आहेत. प्राचीन चर्चच्या दर्शनी अंगणाला ‘आत्रियम’ म्हणत. तेच नाव मॉन्टेसरींनी मुलांच्या उपासनेसाठी व अभ्यासासाठी राखलेल्या खोलीला दिले. मराठीत मॉन्टेसरी विचार रुजला तो ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणाच्या कार्यातून. त्याची ही धार्मिक शाखा त्या मानाने अपरिचितच राहिली.

प्रश्नोत्तरी पाठ करून घेण्याच्या जुन्या पद्धतीत मूल उत्तर आधी शिके आणि प्रश्न त्याला पुढे कधीतरी, पडलाच तर, पडे. आत्रियममध्ये हा क्रम मोडलेला आहे. येथे तीन वर्षांचे मूल प्रथम एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दाणे ओतते, टेबल पुसते, चटई गुंडाळते आणि आवाज न करता चालते. ही कामे धर्माशी असंबद्ध वाटली, तरी हाताला ठेहराव आणि मनाला एकाग्रता आल्यावाचून पुढचे काही साधत नाही, अशी या पद्धतीची धारणा आहे.

त्यानंतर येतो दाखला, म्हणजे येशूने शिकवणीसाठी सांगितलेली दृष्टांतकथा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील उत्तम मेंढपाळाचा दाखला सांगताना शिक्षिका लाकडी मेंढवाडा, मेंढपाळाची आकृती आणि मेंढरे पुढे मांडते, मजकूर सावकाश वाचते आणि मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो या ठिकाणी थांबते. ही मेंढरे कोण, हे ती सांगत नाही. मूल तीच मेंढरे आठवडेच्या आठवडे आत-बाहेर करीत राहते आणि ‘ती मेंढरे म्हणजे आम्हीच’ हा शोध त्याचा त्याला लागावा म्हणून वाट पाहिली जाते. दाखल्यातील लांडगा आणि मेंढरे टाकून पळणारा मोलकरी यांचा भाग सहा वर्षांनंतरच्या टप्प्यासाठी राखलेला असतो, कारण या वयात भयापेक्षा विश्वासाची गरज मोठी मानली जाते. मोहरीच्या दाण्याचा दाखलाही असाच: दाणा मुलाच्या बोटाच्या टोकावर ठेवला जातो आणि त्यातून झाड करणारे सामर्थ्य कोणते, हा प्रश्न उत्तराविना सोडला जातो.

मिस्साची, म्हणजे कॅथलिक पंथातील भाकर व द्राक्षारसाच्या उपासनेची, ओळख लहान वेदी, चषक आणि तबक यांच्या साहाय्याने होते. मूल चषकात द्राक्षारस ओतते आणि त्यात पाण्याचे दोन-चार थेंब सोडते. ते थेंब आता वेगळे काढता येणार नाहीत हे त्याला डोळ्यांनीच दिसते. ख्रिस्त आणि माणूस यांच्या ऐक्याविषयी ग्रंथांत पानेच्या पाने खर्ची पडली आहेत, परंतु चार वर्षांच्या मुलासाठी याहून नेमकी मांडणी सुचणे अवघड आहे. बाप्तिस्म्याचे पाणी, मेणबत्ती व शुभ्र वस्त्र, तसेच उपासना-वर्षाचे जांभळा, पांढरा, हिरवा व लाल हे रंग याच रीतीने हाताळून परिचयाचे होतात.

या मौनाला मर्यादाही आहे. शिक्षिका अर्थ सांगत नसली, तरी कोणते दाखले निवडायचे, मांडणीवर कोणती वस्तू ठेवायची आणि लांडगा केव्हा आणायचा, हे प्रौढांनीच ठरवलेले असते. त्यामुळे मुलाचा शोध मोकळा असला, तरी त्याचे आवार आखलेले आहे. कावालेत्तींचा दावा संपूर्ण स्वातंत्र्याचा नव्हताच. लहान मुलाची ईश्वराविषयीची ओढ मोठ्यांच्या शिकवणीतून निर्माण होत नाही, ती त्याच्यात असतेच, असे त्यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या निरीक्षणांच्या आधारे मांडले. वर्तनाचे नियम, चूक आणि क्षमा यांची रीतसर चर्चा मात्र त्यांनी सहाव्या वर्षापुढे ठेवली. कसे वागावे हे विचारण्याची निकड मुलाला त्या वयात आपणहून भासू लागते, असे त्यांचे मत होते.